हारातला बिनकाट्याचा दाणा

लग्नानंतरची माझी पहिली संक्रांत मांजलपूरला, सासरी. त्या दिवशी बडोद्यात माणसं जमिनीवर नसतातच, सगळी गच्चीवर. मी साताऱ्याची, पतंगाच्या बाबतीत ढ. मान वर करून मागे मागे सरकले, गर्रकन वळले आणि टाकीच्या लोखंडी पाइपवर तोंड आपटलं. पुढच्या दाताचा कोपराच हातात आला.

दुखण्यापेक्षा लाज जास्त वाटली. संध्याकाळी माझं हळदीकुंकू होतं. काळी साडी, हलव्याचे दागिने, आणि नवी सून बघायला निम्म्या सोसायटीतल्या बायका. मला रडूच फुटलं. स्वयंपाकघरात दिसली त्या वाटीत तुकडा टाकला आणि आरशाकडे धावले.

समोरच्या गच्चीवरचे काका दातांचे डॉक्टर. नवऱ्याने इथूनच ओरडून विचारलं. तिकडून उत्तर आलं, "टुकडो साचवी राखजो, चोंटाडी दईश. आ पेच पते एटले आवुं छुं." तुकडा जपा, चिकटवून देतो, पण आधी पतंग.

मी वाटी पाहिली तर तुकडा गायब. ती हलव्याची वाटी होती. सासूबाई खिडकीशी बसून, चष्मा कपाळावर ठेवून, हाराला डिंकाने दाणे चिकटवत होत्या. लग्नापासून त्या माझ्याशी कामापुरतंच बोलायच्या. मी तोंडावर हात धरून, भीतभीत विचारलं.

"अगं, एकच दाणा बिनकाट्याचा निघाला," त्या म्हणाल्या. "मोत्यासारखा. म्हणून मधोमध लावला."

मी हात काढला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, चष्मा खाली ओढला, हाराकडे पाहिलं आणि इतक्या हसल्या की डिंक सांडला. मग मीही हसले, फुटक्या दातासकट.

डॉक्टरकाका पेच जिंकून खुशीत आले. माझ्यासाठी दवाखाना उघडला, तुकड्याचा डिंक धुतला, तो जागेवर बसवून वर निळा दिवा धरला. मला चिक्की खायची नाही असं बजावलं आणि स्वतः खिशातली चिक्की मोडत परत गच्चीवर गेले.

हारात मधोमध भोक राहिलं. वाटीत मूठभर हलवा उरला होता, मी दाणा उचलला.

"राहू दे," सासूबाई म्हणाल्या.

संध्याकाळी येणाऱ्या प्रत्येकीला त्यांनी ती मोकळी जागा बोट लावून दाखवली, आणि दर वेळी मला म्हणाल्या, "हस गं, दाखव त्यांना."