डॉक्टरांनी कापलेलं भाषण

डॉक्टर कुतुबुद्दीन आमच्या मुरगूडचेच. वडील गाद्या भरायचे. कापसाच्या धुरळ्यात खोकत खोकत त्यांनी पोराला मिरजेला पाठवून डॉक्टर केलं. आता हा शहरात दवाखाना टाकणार असं सगळ्यांना वाटलं, तर हे गावातच परतले आणि वर नाटकं लिहायला लागले. “गोळ्या दिल्या तर लोक खिशात ठेवत्यात, नाटक दिलं तर डोक्यात ठेवत्यात,” असं ते म्हणतात.

दरसाल जत्रेला त्यांचं नवं नाटक असतं. तीन वर्षांपूर्वी त्यांनी नाग चावलेल्या गड्याचं नाटक लिहिलं. तो गडी मी, हंबीरराव. माझा शेजारी ईरप्पा देवऋषी झाला. लोक गड्याला दवाखान्याऐवजी देवऋषीकडे नेतात आणि गडी मरतो, अशी गोष्ट. आता मरायचं म्हटल्यावर बायकोला, जनावरांना दोन शब्द नकोत? मी स्वतःच झकास भाषण रचलं. डॉक्टरांनी ते कापलं.

“नाग चावलेला माणूस भाषण करत न्हाय, हंबीरराव. त्याच्या पापण्या खाली येत्यात. तेवढ्या पाडा.”

पण पापण्या काही मला पाडता येईनात. झोपाळू म्हशीगत दिसतोस, म्हणून ईरप्पा खिदळायचा. जत्रा सरली तरी मी डॉक्टरांशी धड बोललो नाही.

पुढच्या पावसाळ्यात बांधावरचं गवत कापताना मला खरंच नाग चावला. मी बोंबललो, “चावला रं ईरप्पा!” तर पलीकडून त्यानं नाटकातलंच उत्तर दिलं, “थांब, अंगारा आणतो!” रानातली सगळी माणसं हसली. हात जोडून सांगतोय, तर म्हणे तेही नाटकच! शेवटी मी गपगार बांधावर बसलो. ईरप्पा चेष्टा करायला जवळ आला आणि माझं तोंड बघून पांढराफटक पडला.

“आरं, पापण्या बघा की ह्याच्या! तालमीत ह्याला हे कधीच जमलं न्हाय! गाडी काढा, डाक्टरांकडं चला!”

अंगाऱ्याचं नाव कुणी काढलं नाही. डॉक्टरांनी विषावरचं इंजेक्शन दिलं, पण माझा श्वास अडखळायला लागला. तेव्हा माझ्या तोंडावर रबरी फुगा लावून, तो हातानं दाबत, ते स्वतः अँब्युलन्समधून कोल्हापूरला निघाले. मला बोटही हलवता येत नव्हतं. ऐकू मात्र सगळं येत होतं. बायकोनं हंबरडा फोडला, तर म्हणाले, “वहिनी, रडू नका. त्यांना ऐकू येतंय.”

मग फुगा दाबत दाबत ते माझ्या कानाशी काहीतरी बोलायला लागले. ते माझं भाषण होतं. कापलेलं! अख्खं पाठ होतं त्यांना. बायकोचा निरोप घेऊन झाला, बैलांचा घेतला आणि तिथं चुकले. बैलांच्या आधी गाईचा निरोप घ्यायचा असतो. यांनी गायच गाळली. एवढा शिकलेला माणूस आणि गाय विसरतो? हे दुरुस्त केल्याशिवाय मरायचं नाही, असं मी तिथंच ठरवलं.

कोल्हापुरात माझ्या घशातली नळी निघाली, तेव्हा डॉक्टर उशाशीच होते. मी घोगऱ्या आवाजात म्हणालो, “गाय राहिली की, डाक्टर.”

ते आधी हसले, मग तोंड फिरवून बराच वेळ चष्मा पुसत बसले.

हे उपकार फिटायचे नाहीत आणि मला ते फेडायचेही नाहीत; असू देत डोक्यावर. यंदाच्या जत्रेलाही त्यांनी माझं भाषण कापलंच. कापू देत की.