किशनमामाचा फुकट चुना

उभ्या गावाला फुकट चुना लावणारा माझा किशनमामा गेला, त्याला आज वर्ष झालं.

हसू नका. खरंच लावायचा.

उदगीर-देवणी रस्त्यावर, आमच्या गावच्या स्टॉपला त्याचं पत्र्याचं दुकान. चार माणसं आत मावायची, पाचव्यानं उन्हात थांबायचं. बिस्किटं, शेव, साबण आणि तंबाखूच्या पुड्या.

पुडी घेतली की फळीवरच्या डबीतला चुना फुकट. चुन्याची कळी मामा स्वतः घरी भिजवायचा, जुन्या धोतराच्या फडक्यातून गाळायचा. त्या चुन्यानं कधी तोंड भाजलं नाही, असं लोक शपथेवर सांगायचे.

मग तंबाखू विकायला लायसन आलं.

मी नांदेडला शिक्षक. पोरांकडून तंबाखूमुक्तीची शपथ म्हणवून घेणारा. तंबाखू वाईटच आहे, त्यावर कमेंटमध्ये मला ज्ञान देऊ नका. नियम आला तेव्हा मीच स्टेटस टाकलं होतं, "उत्तम निर्णय!" वर टाळ्यांचे इमोजी.

सुट्टीत मामाचा फॉर्म भरायला बसलो आणि फी बघितली.

समोरच्या होलसेलवाल्याला जेवढी, तेवढीच मामाच्या पत्र्याला. दरवर्षी. वर अट अशी की तंबाखू ठेवली तर बिस्किटं-गोळ्या ठेवायच्या नाहीत.

"म्हंजे मी काय इकायचं? हवा?"

"मामा, तंबाखू सोडा ना."

"गुरुजी, बिस्किटासाठी कोण थांबतंय हितं? तंबाखूला थांबतंय, अन् जाता जाता लेकराला पुडा नेतंय."

हे मला डी.एड.ला कुणी शिकवलं नव्हतं.

शेवटी फी झेपेना म्हणून त्यानं तंबाखू सोडलीच. खडूनं पाटी लिहिली, "तंबाखू मिळणार न्हाई". मी त्या पाटीचा फोटो इथंच पोस्ट केला होता. आता लाज वाटते.

कारण लोक समोरून पुडी घ्यायचे आणि रस्ता ओलांडून मामाकडं यायचे. चुन्याला.

धंदा तिकडं, गर्दी इकडं. बिस्किटांचे पुडे मऊ पडायला लागले.

"मामा, डबी आत ठेवा. चुना पण तिकडंच घ्या म्हणावं."

"तिकडचा चुना तोंड जाळतंय. अन् लोकं यायलेत की माझ्याकडं."

"येतात, पण घेत काहीच नाहीत!"

"जयभीम तरी घेतेत ना."

या माणसाशी वाद कसा घालायचा, तुम्हीच सांगा.

मग तपासणीला एक साहेब आले. त्यांना डबी दिसली. चुना आहे म्हणजे तंबाखू असणारच, म्हणे! सगळं दुकान उपसलं. एक पुडी सापडली नाही, तरी नोटीस देऊन गेले.

मामाचा फोन आला, आवाज चढलेला. "गुरुजी, तुमच्या कागदात बघा बरं, चुन्याला बी लायसन लागतंय का?"

मी पेपर तपासत होतो. वैतागलो. "मामा, एका डबीसाठी दुकान घालवता का? फेकून द्या ती!"



"डबी फेकल्यावर दुकानात ऱ्हातंय काय?"

नोटिशीचं उत्तर मी लिहून देतो म्हणालो होतो. आज लिहितो, उद्या लिहितो करत राहिलो. दोन महिन्यांत दुकान बंद झालं. मामा डबी खिशात घालून बंद दुकानासमोर जाऊन बसायचा. येईल त्याला चुना द्यायचा.

डॉक्टरांनी हार्ट अटॅक सांगितला. मामी अजूनही दुकानाचंच नाव घेते.

स्मशानात त्रिशरण-पंचशील झालं. मामाच्या शेजारचे गणपततात्या, त्यांनी सवयीनं खिशातली पुडी काढली, तळहातावर तंबाखू घेतली आणि बाजूला हात पुढं केला.

"चुना दे रं जरा."

अख्खं गाव होतं तिथं. पुडी बहुतेकांच्या खिशात होती. चुना एकाकडंही नव्हता. कधी कुणी बाळगलाच नव्हता.

तात्यांनी तंबाखू परत पुडीत भरली आणि लहान पोरासारखे रडायला लागले.

मामा, सगळे कागद वाचून काढले. उशीर झाला, पण उत्तर लिहितोय.

चुन्याला लायसन लागत नाही.

तुमचं बरोबर होतं. जयभीम, मामा.