चौथी नस

शरीररचना विभागाच्या विच्छेदन-कक्षात मामा एकतीस वर्षे मदतनीस होते. हुद्दा साफसफाईचा, प्रत्यक्षात त्यांच्याकडे काम असे ते डोळ्याची खोबण उघडण्याचे. कपाळामागचे पातळ हाड छिन्नीने कणाकणाने उडवायचे, चरबी चिमट्याने वेचायची, सगळे स्नायू आणि त्यांच्या नसा जागच्या जागी मोकळ्या करायच्या. चौथी नस सर्वांत नाजूक. ती एकाच स्नायूला जाते. तो नाकाजवळच्या कप्पीतून वळून बुबुळ खाली झुकवतो. घाई झाली की हाडाखालच्या पडद्याबरोबर ती उपटून येते. मामांच्या हातून ती तुटल्याचे कोणाला आठवत नाही. तयार नमुन्याच्या बरणीवर नाव मात्र विभागप्रमुखांचे असे.

गेल्या वर्षी जिना उतरताना त्यांना पायऱ्या दुहेरी दिसू लागल्या, एकीवर एक.

"मीही दोन दिसते का?" बायकोने विचारले.

"खाली बसलीस की दिसतेस."

"मग दुसरीला सांगा चहा टाकायला."

मान डावीकडे कलती केली की दोनाचे एक होई. उजव्या डोळ्याची चौथी नस गेली, हे मामांनी त्याच जिन्यावर ओळखले.

नेत्रविभागातला डॉक्टर त्यांच्याच टेबलापाशी शिकलेला होता.

"मामा, मान सरळ ठेवा."

"सरळ ठेवली की दोन दिसतात, साहेब. तेवढी चौथी नस बघा."

"ते आम्ही ठरवू. वय झालंय, चष्मा बदला."

मामांचे मागणे एवढेच होते, की ती नस तपासावी. कागदावर उतरले ते असे: दृष्टी अधू, बारीक काम देऊ नये. आपल्याकडे ज्ञानाची ग्राह्यता हुद्द्यावर ठरते. मामांनी ते आजवर निमूट सोसले होते, कारण तोवर पणाला लागलेला डोळा त्यांचा स्वतःचा नव्हता. त्यांचे चिमटे काढून घेण्यात आले. बरण्या धुण्याचे काम मिळाले.

यंदाची खोबण विभागप्रमुखांनी स्वतः उघडली. परीक्षेआधी टेबलाभोवती विद्यार्थी जमवून ते चौथी नस दाखवत होते. पिवळी, ठसठशीत. बरण्या न्यायला आलेल्या मामांनी मान कलती करून वाकून पाहिले.

"सर, हा रंगवलेला दोरा आहे. नस तुटलीय."

सरांनी हातातला चिमटा टेबलावर ठेवला.

"मामा," सर शांतपणे म्हणाले, "तुम्हाला एकाचे दोन दिसतात. तुम्ही कशाला त्रास घेता?"

मुले हसली आणि वह्या उघडून आकृती काढू लागली. चिमटा टेबलावरच पडलेला होता. तो उचलून त्या दोऱ्याचे टोक कोणीही हलवून पाहिले नाही.