निरोप राहिलेलं गाणं

ज्या गाण्यासाठी अख्खं म्हैसूर नागोजीरावांना ओळखत होतं, ते गाणं मुळात अर्धं होतं. हे तिघांनाच ठाऊक होतं. स्वतः नागोजीराव, त्यांची आई भागीरथीबाई, आणि ज्याने ते अर्धं केलं तो त्यांचा मित्र चिदंबर.

लष्कर मोहल्ल्यात नागोजीरावांचं घर. पणजोबा म्हैसूरच्या घोडदळात होते. घोडे गेले, तलवारी गेल्या. राहिला तो कुळाचा गोंधळ आणि खुंटीवरचा संबळ. घरात लग्न झालं की गोंधळ घालायचा. तुळजापूर, जेजुरीपासून थेट चामुंडीच्या डोंगरापर्यंत एकेका देवाला नाव घेऊन बोलवायचं, आणि शेवटी तितक्याच मानाने एकेकाला घरी पोचवायचं. मग दिवटी दुधात शांत करायची. ज्याने बोलावलं त्यानेच निरोप द्यायचा, ही त्या घरची सक्त रीत.

शेजारच्या चिदंबरने कॉलेजात असताना केस वाढवले आणि एक इलेक्ट्रिक गिटार पैदा केली. एका दुपारी त्याने नागोजीचा संबळ ऐकला आणि भिंतीवरून उडी मारून आला.

"अरे, हे तर रॉक आहे रे!"

"हे देवाचं आहे."

"देवाला रॉक चालत नाही असं कुणी सांगितलं?"

आणि खरं सांगायचं तर ते जमलं. काय जमलं! गिटार रडत होती, संबळ धावत होता आणि मध्ये नागोजीची ती हाक, 'या हो, या!' ऐकणाऱ्याच्या पायांना स्वस्थ राहवेना. दोघं मद्रासला जाऊन ते गाणं ध्वनिमुद्रित करून आले. तिथेच घात झाला. छोट्या तबकडीच्या एका बाजूत बोलावणं कसंबसं मावलं. निरोपाला जागाच उरली नाही.

"दुसऱ्या बाजूवर घालू या की," नागोजी म्हणाला.

"निरोपावर कोण नाचणार?" चिदंबर म्हणाला. दुसऱ्या बाजूवर त्याने स्वतःचं एक इंग्रजी प्रेमगीत घातलं. ते पुढे त्याच्या बायकोनेही पुरतं ऐकलं नाही. आणि 'या हो, या'चा शेवट? आवाज हळूहळू कमी करत नेला, बस्स.

गाणं मात्र आगीसारखं पसरलं. दसऱ्याच्या प्रदर्शनात वाजलं, हॉटेलांत वाजलं, कॉलेजांच्या पोरांनी बाकं बडवून म्हटलं. नागोजीरावांनी तबकडी आईसमोर लावली. भागीरथीबाई शेवटपर्यंत थांबल्या. आवाज विरत गेला, सुई खरखरत राहिली.

"पुढे?"

"संपलं, आई."

"अय्यो देवा! बोलावलंस, आणि दारात उभं करून कुठं गेलास? पाणी तरी विचारलंस काय?"

त्या दिवसापासून घरात नळ गळला तरी कारण एकच. "देव उभे आहेत ना दारात, मग काय होणार!" समोरच्या हॉटेलात ते गाणं लागलं की भागीरथीबाई पदर सारखा करून उभ्या राहायच्या, आणि ते विरलं की उरलेला निरोप स्वतः म्हणायच्या. त्या गेल्यावर हे काम नागोजीरावांकडे आलं. पण गाणं आता बसमध्ये, रिक्षात, लोकांच्या खिशातल्या फोनांत. माणसाने निरोप द्यायचा तरी किती जणांना? कार्यक्रमात ते निरोपाला सुरुवात करायला जात आणि नेमक्या त्याच जागी टाळ्या पडत. सत्काराची शाल अंगावर येई, हार गळ्यात पडे, आणि तोंडातला शब्द तोंडातच राही. टाळ्यांचा असा वैरी झालेला कलावंत विरळाच.

म्हणून पुतण्या मानाजीरावाच्या मुलीचं लग्न ठरलं तेव्हा नागोजीरावांना निरोप पुरा म्हणायला मिळेल अशी आशा वाटली. पण साथीला येणारा कृष्णराजनगरचा म्हातारा गोंधळी आजारी पडला. मानाजीराव म्हणाला, "काका, टेन्शन कशाला? तुमचंच गाणं आहे की! स्पीकरवर लावू. आता तेच आपला गोंधळ."

"गोंधळ डब्यातून घालतात काय रे, शहाण्या?" नागोजीराव कडाडले. मग स्वर उतरवून म्हणाले, "बरं, लाव. पण ते संपलं की निरोप मी म्हणणार. सगळ्यांसमोर. कबूल?"

"आयतु काका, आयतु. झालं समजा."

म्हैसूरच्याच विजयनगर भागातल्या एका हॉलमध्ये दिवटी पेटली. नागोजीरावांनी संबळ कमरेला बांधला. गाणं लागलं, पोरं नाचली, व्याही नाचले. आवाज विरत आला तसे नागोजीराव पुढे सरसावले, छाती भरून श्वास घेतला...

"ऊट तयार आहे!" मानाजीरावाने माईकवर सांगितलं. "हॉल लवकर सोडायचाय, सगळ्यांनी जेवून घ्या!"

निमिषात खुर्च्या रिकाम्या. नागोजीराव जळती दिवटी हातात घेऊन उभे. समोर एकच प्रेक्षक उरला होता, चिदंबर. गुडघे गेलेले, म्हणून.

"बघतोस काय?" नागोजीराव ओरडले. "तुझ्यामुळे! सगळं तुझ्यामुळे!"

"म्हण की आता," चिदंबर म्हणाला. "मी कुठे पळतोय? मला पळता येत नाही."

नागोजीरावांनी दिवटी त्याच्या हातात दिली आणि संबळावर काठी टाकली. तुळजापूरच्या आईला आधी मानाने पोचवलं, मग जेजुरीला, मग वाटेतल्या साऱ्यांना. गळा फाटला होता, पण एक नाव चुकलं नाही. चामुंडीपर्यंत आले तेव्हा चिदंबर टाचेने ताल धरत होता.

"दूध?" शेवटी नागोजीरावांनी विचारलं. स्वयंपाक्याने भटारखान्यातूनच हात हलवले. सगळं दूध पायसात गेलं होतं.

चिदंबरने आपला पेला पुढे केला. मधुमेहवाल्यांसाठी वेगळं ठेवलेलं बिनसाखरेचं दूध. "घे. एवढी वर्षं अडवलं मी."

दिवटी चर्र करून शांत झाली. नागोजीरावांनी डोळे मिटले. कमरेच्या दोरीची गाठ सोडली. कानांतला आईचा ओरडा पहिल्यांदाच थांबला होता.

जेवणाच्या पंगतीतून पोरांचा गलका आला. "वन्स मोर!" आणि कुणीतरी स्पीकर लावला.

'या हो, या!'

चिदंबरने विझलेल्या दिवटीकडे पाहिलं. "आले रे परत."

नागोजीरावांनी दात-ओठ खाल्ले, आणि सुटलेली दोरी पुन्हा कमरेला आवळली.