लाख्याचा उजवा डोळा

इंझोरीजवळच्या तांड्यावरचा खेमा डूख धरण्यात असा पक्का होता, की त्याच्याशी भांडायच्या आधी माणसं दोनदा विचार करायची. लहानपणी एकानं त्याची भाकर पळवली, तर मोठेपणी त्या माणसाच्या लग्नात हा पंगतीला बसला नाही. मांडवाबाहेर उभा राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत राहिला, की आपण का बसलो नाही. त्याची बायको रामीबाई म्हणायची, "तुमच्या पोटात गेलेलं कंदी पचतच नाही." आणि खरंच होतं ते.

धंदा बंडीचा, म्हणजे ओझ्याच्या बैलगाडीचा. बापही बंडीवाला; आजा तर बैलांच्या पाठीवर मिठाच्या गोण्या लादून मुलूखभर फिरलेला. कापसाचा हंगाम लागला की खेमा गावोगावचा कापूस भरायचा आणि शेलूबाजारावरून मोठ्या सडकेनं जऊळक्याच्या रेल्वे ठेसनावर नेऊन उतरवायचा. बैल दोन. डावीकडे चांद्या, गरीब आणि आळशी. उजवीकडे लाख्या, लाखेच्या रंगाचा, अंगात वारं भरलेला. रिकामी बंडी घेऊन परतताना लाख्या असा सुटायचा, की चांद्याला झक मारत पळावं लागायचं. ते पाहता पाहता खेमाच्या डोक्यात किडा वळवळायला लागला, की ही जोडी शंकरपटात, म्हणजे बैलांच्या शर्यतीत, पळवायची.

आता पटाची छकडी म्हणजे काही बंडी नव्हे. तिला असतं काय? दोन हलकी चाकं, एक दांडी आणि हाकणाऱ्याला टेकायला वीतभर फळी. बाजू नाही, पाठ नाही, धरायला म्हणून काही नाही. शेजारीशेजारी दोन छकड्या सुटतात आणि जो आधी झेंडा गाठेल तो जिंकला. बंडीवाल्याचा जन्म बैल आवरण्यात जातो. उतारावर ओझं अंगावर येऊ नये म्हणून त्याचा हात कासरा मागं ओढूनच असतो. पटात कासरा ओढला की खेळ खलास. तिथं सोडायचं असतं. उसन्या छकडीवरून माळावर तीनचार वेळा तोंडावर आपटला, तेव्हा खेमाला हे कळलं. हळद लावता लावता रामीबाईनं त्याला जे काय ऐकवलं, ते इथं सांगण्यासारखं नाही.

तरी गडी शेलूबाजारच्या पटात उतरलाच. समोर कोण, तर भगवंतराव. गावाला लागून त्यांचा बागाईत मळा, वांगी-मिरच्यांनी लवलेला, आणि दावणीला पटाची पांढरीशुभ्र जोडी. त्या बैलांच्या मानेवर जू चढायचं ते पटापुरतं. नांगर नाही, मोट नाही. खायला कणकेचे गोळे. त्यांची छकडी हाकायचा पुंजाजी नावाचा गडी. हाकण्यात हुशार, पण नियत खोटी.

अर्ध्या वाटेत लाख्या पांढऱ्या जोडीच्या पुढं नाक काढायला लागला. तशी पुंजाजीनं आपली तुतारी, म्हणजे टोकाला खिळा बसवलेली काठी, आडवी करून लाख्याच्या तोंडासमोर नाचवली. बुजवायला नाचवली म्हणा नाही तर मारायला मारली म्हणा. खिळा लाख्याच्या उजव्या डोळ्यात गेला.

पंच जमले. पंच कसले, भगवंतरावाच्या मळ्यातली वांगी खाऊन माजलेली माणसं. त्यांनी निवाडा दिला, की बंडीवाल्याला छकडी हाकता येत नाही, त्यानंच आपला बैल आडवा घातला. खेमा लाख्याचं तोंड पोटाशी धरून उभा होता, सदरा रक्तानं भिजला होता. भगवंतराव जवळ आले. वाटलं, आता दोन शब्द बरे बोलतील.

"खेम्या, रडून कायले राह्यला? ओझ्याच्या बैलाले डोये कायले लागते? पुढची बंडी दिसली का झालं."

सगळं मैदान हसलं. खेमानं ते वाक्य उचललं, पोटात ठेवलं आणि घरी आला.

वाटेत त्याच्या मनात नाही नाही ते आलं. मळ्याला आग लावावी. विहिरीत मेलेलं कुत्रं टाकावं. पण आग विझते, विहीर उपसता येते. त्याला असं काही पाहिजे होतं, जे भगवंतरावाला भर दिवसा, चारचौघांत, स्वतःच्या हातानं करावं लागेल. ते काय, हे त्यालाही अजून माहीत नव्हतं. पण भाकर खाताना, बंडी भरताना तो तेच चघळत राहायचा, आणि त्यात त्याला एक प्रकारचा आनंद वाटायचा.

इकडे लाख्याची पार रया गेली. सडकेवर मोटारी मागून यायच्या आणि उजव्या बाजूनं पुढं जायच्या. आंधळ्या बाजूला भोंगा वाजला की लाख्या जीव घेऊन उडायचा. एकदा तर कापसासकट बंडी नालीत गेली. शहाण्या बंडीवाल्यांनी सल्ला दिला, की त्याला डावीकडे जुंप, म्हणजे फुटका डोळा चांद्याच्या आड जाईल. खेमा ऐकतो थोडाच!

"ज्या बाजूनं मारलं त्याले, त्याच बाजूनं चालन तो," म्हणाला.

मग रामीबाई बंडीवरून उतरली. लाख्याच्या उजवीकडून, त्याच्या मानेवर हात ठेवून, मोटारींच्या बाजूनं चालायला लागली. त्याच्याशी बोलायची, नवऱ्याच्या कागाळ्या सांगायची. मोटार आली की म्हणायची, "जाऊ दे तिले, तिचं काम हाये." एक हंगाम गेला. दुसऱ्या हंगामात तिनं हात काढला, नुसती बोलत राहिली. मग बोलणंही थांबवलं. कापसाचा ट्रक लाख्याच्या कानाशी भोंगा वाजवत निघून जायचा आणि लाख्या रवंथ करत चालायचा. जे दिसत नाही त्याला भ्यायचंच त्यानं सोडून दिलं.

ते पाहून खेमाच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. पटाला थोडे दिवस राहिले होते. बाजाराच्या दिवशी तो शेलूबाजारात गेला आणि भगवंतरावाच्या भाजीच्या दुकानासमोर, गिऱ्हाइकांच्या गर्दीत उभा राहिला.

"भगवंतराव, तुमची जोडी अन् माही जोडी. मी हारलो तं दोन्ही बैल तुमच्या दावणीले. तुमी हारले तं तुमची जोडी माह्या कापसाच्या बंडीले जुपाची, अन् हाकाले तुमी सोता बसाचं. बाजाराच्या दिवशी, याच बाजारातून, जऊळक्यापर्यंत."

"आंधया बैल घेऊन मी काय करू रे?"

"आंधयाच तं हाये. मंग भेऊन कायले राह्यले?"

भाजीवाल्या बायका फिदीफिदी हसल्या. भगवंतरावाच्या नाकाला मिरची झोंबली.

"कोनती बाजू घ्याची ते मी ठरवीन," ते म्हणाले.

"ठरवा."

रामीबाईला हे कळलं तेव्हा ती चुलीपुढून उठलीच. "बैल गेले तं बंडी कायच्यानं ओढान? अन् खाचं काय मंग, हा डूख?"

"हारलो तं तू म्हणशीन ते आयकून घेईन."

"आयकवाले मी घरी नाही राह्यची," ती म्हणाली. हे ती गमतीत म्हणत नव्हती, आणि खेमालाही ते माहीत होतं. तरी पटाच्या सकाळी तिनंच लाख्याला धुतलं, गुळाचा खडा चारला आणि त्याच्या कानात काहीतरी सांगितलं.

भगवंतरावानं बाजू घेतली ती नेमकी उजवी. लाख्याच्या फुटक्या डोळ्याकडची. त्यांना वाटलं, न दिसणाऱ्या बाजूनं चाकांचा खडखडाट आला की बैल पिसाळेल. खेमानं मान खाली घातली. हसू दिसलं असतं.

झेंडी पडली. खेमानं कासरा सैल सोडला. हात जुन्या सवयीनं मागं येऊ पाहत होता. त्यानं दात आवळून तो पुढं ठेवला. मैदानाच्या मध्यावर दोन्ही जोड्या बरोबरीला आल्या आणि पुंजाजीनं पुन्हा तेच केलं. तुतारी डाव्या हातात घेतली आणि लाख्याच्या तोंडासमोर नाचवली. लाख्याला दिसलंच नाही. पुंजाजी आणखी वाकला, आणखी वाकला. छकडीला धरायला काही नसतं हे तो विसरला की काय कोण जाणे. त्याचं सगळं वजन डावीकडे गेलं, तुतारी त्याच्याच बैलाच्या डोळ्यापुढं आली, बैल बुजला आणि छकडी कलंडली. पुंजाजी मातीत. खेमा झेंड्यापलीकडे.

शब्द भर बाजारात दिला होता, फिरवायला जागा नव्हती. पुढच्या बाजारी पांढरी जोडी कापसानं भरलेल्या बंडीला जुंपली गेली. पुंजाजी म्हणे बहिणीच्या गावाला गेला होता. फेटा बांधून, ओठ आवळून भगवंतराव पुढं बसले. मागं उसन्या बंडीला लाख्या-चांद्या जुंपून खेमा, शेजारी रामीबाई. सगळा बाजार कडेला उभा.

दुकानांपर्यंत ठीक गेलं. तेवढ्यात मागून एक मोटार आली आणि भोंगा वाजवत उजवीकडून पुढं जायला लागली. उजवा पांढरा बैल डोळे वटारून असा उडाला, की बंडीचं चाक नालीच्या काठावर जाऊन टेकलं. भगवंतरावांनी उडी मारली, धोतर सावरत वेसण धरली. बैल थरथरत होता. मागं दुसरी मोटार भोंगा वाजवत होती. पटाचा बैल तो. त्यानं सडक कधी पाहिली होती? मळ्यातल्या बायका टोपल्या खाली ठेवून बघत होत्या.

"खेमा, काय करू रे आता?" भगवंतराव म्हणाले. आज खेम्या नाही, खेमा.

खेमा सावकाश उतरला. दोन वर्षं पोटात ठेवलेलं काढायचं, तर घाई कशाला करायची? पोट भरून जेवल्यासारखं त्याला वाटत होतं.

"मोटार दिसते म्हणून बुजते तो. दिसू देऊ नका. ओझ्याचा बैल हाये आता, त्याले डोये कायले लागते?"

भगवंतरावांनी इकडं तिकडं पाहिलं. कुणी पुढं येईना. त्यांनी डोक्यावरचा फेटा सोडला आणि आपल्या लाडक्या बैलाचा उजवा डोळा, भर बाजारात, स्वतःच्या हातानं झाकून बांधायला लागले. मोटार निघून गेली. मालकाचा हात अंगावर होता, बैल हलला नाही. बाजारात कुणी हसलंही नाही.

रामीबाई हळूच म्हणाली, "बस झालं आता." खेमानं ऐकलं, पण जागचा हलला नाही. पुढं होऊन त्यानं फेट्याची गाठ बोटानं चाचपून पाहिली.

"पक्की मारा, भगवंतराव," तो म्हणाला. "जऊळकं लय दूर हाये."