शीलाताईंसाठी घेतलेलं ॲप

आमच्या बुढापारा मोहल्ल्यातल्या भजनी मंडळात दर मंगळवारी भजनं होतात चार आणि किस्से होतात सहा! त्यात आमच्या पेटीवाल्या शीलाताई मुलाकडे बंगलोरला राहायला गेल्या. जाताना रडून म्हणाल्या, "मले विसरू नका वं!" मग काय, ठरलं. सगळ्यांनी व्हिडिओ कॉलचं ॲप घ्यायचं. तेव्हापासून तर किस्स्यांना नुसता ऊत आलाय.

*

मंडळात सगळ्यात मोठ्या नलूताई. "मले नाही लागत ते सोंग!" म्हणून अडून बसल्या.

मंदा म्हणाली, "राहू द्या. शीलाताई तिकडचा फ्लॅट दाखवणार आहेत, आम्ही पाहून घेऊ."

संध्याकाळच्या आत नलूताईंच्या फोनमध्ये ॲप!

*

पहिल्या कॉलला नलूताईंनी फोन कानालाच लावला. आम्हाला दिसतोय नुसता कान! "ताई, फोन समोर धरा!"

"थांबा वं! सदर बाजारातून नवे टॉप्स आणले, ते आधी पाहून घ्या!"

*

मंदाने ॲप घेतलं शीलाताईंच्या नावाने, वापरते बिलासपूरच्या लेकीवर. परवा माझ्याकडे चहा पिता पिता फोनमध्ये ओरडली, "गॅस बारीक कर वं पोट्टी, भाजी करपून राहिली!"

पोट्टी हळूच म्हणाली, "मम्मी, गॅस पे सासूमाँ खड़ी हैं!"

*

पाचच्या भजनाचं मात्र जमेना. आमची ओळ संपली, की मग शीलाताईंची पेटी ऐकू यायची. मी डोकं चालवलं. "ताई, तुम्ही थोडं आधी सुरू करा!"

त्यांनी केलं. आम्ही आरतीच्या दुसऱ्या कडव्यात, अन् शीलाताई तिकडे प्रसाद खाऊन राहिल्या!

आम्ही पोट धरून हसलो. त्या नाही हसल्या. "माझ्यामुळे तुमचं भजन बिघडून राहिलं. पुढच्या मंगळवारपासून नका लावू फोन."

*

आरती झाली की आमच्याकडे सगळ्याजणी एकमेकींना हळदीकुंकू लावतात. नलूताई करंडा घेऊन उठल्या. एकेकीला लावत भिंतीला टेकवलेल्या माझ्या फोनपाशी आल्या आणि शीलाताईंच्या कपाळावर, म्हणजे माझ्या फोनच्या काचेवर, बोटभर कुंकू लावलं. कॅमेऱ्यासकट!

"अवं नलूताई, मले सगळं लालच दिसून राहिलं!"

"दिसू द्या. आता मले कोण लावणार?"

तिकडे डबे उघडल्याचा आवाज आला. मग एक बोट मोठं मोठं होत जवळ आलं आणि आमच्याकडेही सगळं लाल!

त्या लालमधूनच शीलाताई म्हणाल्या, "पुढच्या मंगळवारी पाचलाच लावा वं फोन!"