काकूंचं खाकरणं

अकोल्यात आमच्या गल्लीत एक काकू राहतात. त्यांची नजर लागते म्हणे. म्हणून त्या येता-जाता मोठ्यानं खाकरतात. बायकांना लेकरं आत न्यायला वेळ मिळावा! मला त्या खाकरण्याचा भारी राग येतो. आमच्याकडे विरजण मागतात, तेही उंबरठ्याबाहेरूनच.

परवा माझी लेक चेटकिणीची कादंबरी वाचत होती. विरजण मागायला आलेल्या काकू मुखपृष्ठावरची चेटकीण पाहून दारातच थबकल्या. त्यांना टोमणा वाटेल म्हणून मी धास्तावले.

“शेवटी मारतेत का वं तिले?”

“नाही काकू, तीच गाव वाचवते,” लेक म्हणाली.

“अन् मंग गावात राहू देतेत?”

“हो.”

काकूंनी श्वास सोडला, चपला काढल्या, आत येऊन बसल्या. “मोठ्यानं वाच, माय.”

अंधार पडता पडता उठल्या. जाताना खाकरायचं विसरल्या.